दा ओयिरीची चाळीस पावलं

१

"कुणीतरी माझी वाट हलवतंय गं," दा ओयिरी मला म्हणाली होती, आणि मी हसले होते.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी शहाणपणा मिरवायला लागले, तर तुम्हाला मला थांबवता येईल.

त्या सकाळी मी झिमुझोला पाठीवर बांधत होते. आठ महिन्यांची पोर, नाक वाहत होतं, रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून मी श्वास मोजले होते. म्हातारीच्या बोलण्याकडे निम्मंच लक्ष.

"वाट म्हणजे काय स्टूल आहे का, दा, कुणी उचलून बाजूला ठेवायला?"

"ओगिरिसी चार पावलं उशिरा लागली. रोज चाळिसाव्याला हात टेकतो माझा. काल चव्वेचाळीस झाली."

"तुझी पावलं आखूड झाली असतील. वयाने होतात. मोजणं सोड आता. झाडाला हात लागला की वळायचं. झाड थोडंच म्हातारं होतंय?"

भूगोलाची पदवी आहे माझ्याकडे, तीच बोलत होती. दाने काठी हातात घेतली. तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, तरी घरामागच्या अळकुडीच्या वावरात ती रोज एकटी जायची. घराच्या पाठीतून बाहेर, चाळीस पावलं सरळ, हाताला ओगिरिसी, मग जेवायच्या हाताला, म्हणजे उजवीकडे, वळून वीस पावलं. शेताची हद्द दाखवायला आमच्याकडे ओगिरिसीच लावतात. जुनी वादळात पडली, तेव्हा दाने तिचीच मनगटाएवढी फांदी तिथे रोवली होती. त्या झाडाच्या अलीकडे मादुकाचं रान, पलीकडे दाचं. आणि दोघांच्याही पुढे दरी. दर पावसाळ्यात लाल माती गिळत गावाकडे सरकणारी.

निघताना दा एवढंच म्हणाली, "उद्या मी दिसले नाही, तर मला डोळ्यांनी शोधू नकोस. माझ्या शब्दांनी शोध."

तीन दिवसांनी, ओरिएच्या, म्हणजे बाजारवाराच्या सकाळी, दा ओयिरी नाहीशी झाली.

२

चूल पेटलेली होती. कडू पाल्याची आमटी तळाला लागून करपली होती. मागचं दार सताड उघडं, आणि काठी जागेवर नाही.

माझ्या सासूबाई, न्ने, उंबऱ्यावरच खाली बसल्या. "आमटी करपू देणारी बाई नाही ती. नवरा वारला त्या दिवशीसुद्धा तिने आधी भांडं उतरवलं होतं."

परवा, न्क्वोच्या वारी, सरकारी मोजणीदार येणार होते. आमच्या भावकीच्या जमिनीचा कागद कधी झालाच नव्हता, जमीन तोंडीच चालत आली होती. कुठून कुठवर, कुठल्या झाडाच्या कुठल्या हाताला, हे सगळं पाठ असलेली दा ओयिरी ही शेवटची. भावकीची सर्वांत थोरली लेक, म्हणूनच सगळ्यांची 'दा', म्हणजे मोठी ताई, विधवा होऊन माहेरी परतलेली. परवा ती बोलली नसती, तर जो मोठ्याने बोलेल त्याची जमीन झाली असती.

मी घरामागे धावले. ओगिरिसीची पानं मलूल होऊन लोंबत होती. जुलै संपत आलेला, रोज पाऊस, आणि हिची पानं सुकलेली. ते डोळ्यांनी टिपलं, पण मन होतं दरीकडे. तेवढ्यात समोरून मादुका आला. आमचा शेजारी. पन्नाशीचा, बोलायला मऊ, झिमुझोच्या बारशाला कोंबडा घेऊन आलेला.

"आमच्या बायको, पुढे जाऊ नकोस." इथे भावकीत घरी आलेल्या सुनेला सगळे 'आमची बायको' म्हणतात. "दरीची कड मी आत्ताच बघून आलो. काही नाही तिथे. माती ठिसूळ झालीय, आणि तुझ्या पाठीवर लेकरू."

लेकराचं नाव काढलं की मी मागे फिरते. फिरले.

तोवर रस्त्यावरून ओरडा आला. बाजार-रस्त्याच्या कडेला, जिथे बस थांबते तिथे, दाची काठी सापडली होती. भिंतीला टेकवून ठेवलेली, नीट.

"बसने गेली?" न्ने म्हणाल्या. "आणि काठी ठेवून?"

३

ओक्पाला, म्हणजे भावकीतला सर्वांत वडीलधारा पुरुष, त्यांच्या बैठकीत सगळे जमले. बाहेर ढग उतरले होते. संध्याकाळपर्यंत कोसळणार हे दिसत होतं. पावसात दरीची कड सुटते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ओक्पालांनी कोलाचं बी फोडलं, तुकडे फिरले. मग त्यांनी नेहमीचा नियम सांगितला: "जो बोलेल त्याने आधी सांगायचं, तो कुठे उभा होता, तोंड कुणीकडे होतं, कुठल्या हाताला काय होतं. मगच काय पाहिलं ते."

पहिला उठला अफाम, दाचा भाचा, ओनित्शा शहरातून कालच आलेला. कालच्या भांडणाचा आवाज अख्ख्या गावाने ऐकला होता.

"मी झोपलेलो होतो. न्नेंच्या घराच्या पोटात, दाराकडे पाय करून. हो, भांडलो मी! म्हटलं, चल माझ्याकडे राहायला, इथे एकटी मरशील. ती म्हणाली, ओनित्शात मला वाट सांगणारं एक झाड नाही."

"आणि मग तूच तिला बसमध्ये घातलीस," मागून कुणीतरी बोललं.

"आंधळ्या मावशीला काठीशिवाय बसमध्ये घालीन मी?" अफामचा आवाज फाटला. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

मग एझेअनी, ताडी काढणारा. तो उठला तोच कलंडत, आणि बैठकीत खसखस पिकली.

"मी आकाशात होतो," त्याने गंभीरपणे सुरुवात केली.

"रोजच असतोस!"

"माडावर होतो, मूर्खांनो. तोंड चौकाकडे. खाली उदालाचं झाड. झाडाखाली एक शेळी, अफामपेक्षा देखणी. मादुका गेला, खांद्यावर बांबूची मोळी. दा ओयिरी नव्हती. शेळी होती."

"शेळीने साक्ष दिली तर बोलाव तिलाही," ओक्पाला म्हणाले. "बस खाली. मादुका?"

मादुका उभा राहिला, तो डोळे पुसतच.

"मी बाजार-रस्त्यावरून वर येत होतो. हातात रॉकेलचा पिवळा डबा. तोंड घराकडे. उदाला माझ्या जेवायच्या हाताला. तिच्या मुळीवर दा बसलेली. मी नमस्कार केला. म्हणाली, भाचा रागावलाय, त्याच्यासाठी सुकी मासळी आणते. मी म्हटलं, सोबत येऊ का? तर म्हणाली, मी अजून मेले नाही."

बायका मुसमुसायला लागल्या. अगदी दासारखंच वाक्य होतं ते. ओक्पालांनी तरण्या माणसांना हुकूम दिला: बाजारात जा, प्रत्येक बस विचारा. माणसं धावत सुटली, दरीपासून दूर, रस्त्याकडे.

मी तिथेच उभी राहिले. माझं अंग नकळत वळायला लागलं होतं.

४

मी दूर उत्तरेला, जॉस शहरात वाढले. तिथे आम्ही घरात इंग्रजी बोलायचो, बाजारात हौसा. लग्न होऊन इथे आले तेव्हा इथली आपली भाषा मला पाहुण्यासारखी येत होती. बसा, उठा, जेवलात का, इथपर्यंत. कुणी वाट विचारली की मी फोन काढायचे. फोनवर आमचं गाव म्हणजे एक हिरवा डाग.

दाने मला शिकवलं. "प्रत्येक वस्तूला अंग असतं, बाई. घराला तोंड असतं, पाठ असते, पोट असतं. आधी त्या अंगात उभी राहा, मग तोंड उघड." महिनाभर तिने मला उदालाजवळ उभं केलं. बाजारातून वर येताना झाड कुठल्या हाताला? डाव्या. वळ. घराकडून खाली जाताना? मी पुन्हा म्हणायची, डाव्या. अख्खा चौक हसायचा. एझेअनी माडावरून ओरडायचा, "आमच्या बायकोला दोरी बांधा रे, नाहीतर दुसऱ्याच्या घरी जाऊन स्वयंपाक करेल!" लाजेने मी पाण्याला जातानाही पुटपुटत जायची: येताना डावा, जाताना जेवायचा. येताना डावा, जाताना जेवायचा.

म्हणून आता कुणी 'अमक्या हाताला' म्हणालं, की मला तिथे जाऊन उभं राहावंच लागतं. ज्यांना वाट जन्मापासून पाठ आहे त्यांना ती ऐकू येत नाही. मला येते.

"न्ने," मी हळूच म्हटलं, "बाजारातून वर येताना उदाला कुठल्या हाताला?"

"डाव्या. एवढं अजून—" आणि त्या थांबल्या. त्यांचाही जेवायचा हात थोडा उचलला गेला, मग खाली आला. "म्हणजे तो वर येत नव्हता."

"खाली जात होता. दाच्या घराकडून, दरीकडून रस्त्याकडे. खोटी भेट रचली, पण अंगाला खरी वाट आठवली."

"आणि रॉकेलचा डबा?"

"एझेअनीने बांबूची मोळी पाहिली. मोळीत एक काठी जास्त असली तर माडावरून कुणाला कळणार?"

न्नेंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. मग पाठीवरून झिमुझोला सोडवून घेतलं. "दे इकडे. तू जा. पण आंधळ्यासारखी धावू नकोस."

"आंधळ्यासारखीच जायचंय, न्ने," मी म्हटलं. पावसाचा पहिला थेंब माझ्या कपाळावर पडला.

५

दाच्या मागच्या दारात मी उभी राहिले, घराकडे पाठ करून. डोळे मिटले. माझी नव्हे, तिची पावलं टाकायची होती: टाचेला अंगठा भिडवत, आखूड.

एक. दोन. तीन.

वीस झाली. मनात सारखं तेच: मीच म्हटलं होतं, मोजणं सोड, झाडाला हात लागला की वळ.

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

हात पुढे केला. काहीच नाही. पण पायाखालची माती पिठासारखी मऊ लागली. डोळे किलकिले केले. वाळकी पानं पसरलेली, आणि त्यांच्याखाली नुकताच बुजवलेला खड्डा. झाड इथे होतं.

पुढे निघाले. चव्वेचाळीसला पुन्हा मऊ माती. म्हणजे आधी चार पावलं सरकवून पाहिलं, कुणाला कळतं का ते. एकटीला कळलं, आणि तिला मी गप्प केलं.

बावन्नाव्या पावलाला माझ्या तळहाताला ओगिरिसीची साल लागली. पानं खांद्यावर मेलेल्या हातांसारखी पडली. दर काही दिवसांनी उपटलं जाणारं झाड पावसाळ्यातही सुकणारच.

जेवायच्या हाताला वळले. एक पाऊल, दोन, पाच, दहा. अकराव्याला पायाखाली जमीन पोकळ वाजली. मी डोळे उघडले.

माझ्यापुढे दोन हातांवर दरी होती. चाळिसाव्याला वळलं असतं तर समोर अळकुडी आली असती. बावन्नाव्याला वळलं की काहीच नव्हतं.

"दा!"

फक्त पाऊस.

"दा ओयिरी!"

आणि मग खालून, कोरड्या लाकडासारखा आवाज: "ओरडू नकोस. पुढेही येऊ नकोस. तुझ्या डाव्या हाताला बांबूचं बेट आहे ना?"

"आहे!"

"मी त्याच्या मुळांत अडकलेय. माझं तोंड दरीकडे, पाठ मातीला. पाय मोडलाय. आता नीट सांग त्यांना, बाई. मी तुला उगाच शिकवलं नाही."

६

एझेअनी अजून चौकातच होता, कारण बाजारात त्याला कुणी नेलं नव्हतं. माझी हाक ऐकून तो माडावर चढायचा दोर घेऊन आला, मागोमाग अफाम आणि दोघे-तिघे. माती सुटत होती. एक चुकीचं पाऊल, आणि दाच्या अंगावर अख्खी कड कोसळली असती.

मी ओरडले, "दरीकडे तोंड करा! बांबूचं बेट डाव्या हाताला ठेवा! ती बेटाच्या पोटात आहे, दोन माणसांच्या उंचीएवढी खोल! बांबूच्या पाठीला पाय देऊ नका, तिथली माती पोकळ आहे! मागे फणसाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला दोर बांधा आणि तिथून सरळ खाली सोडा!"

यावेळी कुणी हसलं नाही. मी जिथे म्हटलं तिथे पावलं पडली. दोर अंगाभोवती घेऊन एझेअनी खाली उतरला, आणि उतरताना बडबडत होता, "सगळ्या गावाने मला वर चढताना पाहिलंय, आज खाली जाताना बघा." थोड्या वेळाने दा ओयिरी अफामच्या मांडीवर होती. लाल मातीने माखलेली, मुठीत बांबूचं मूळ अजून घट्ट.

ती वर आली, आणि कड ढासळली.

तोवर ओक्पाला पोचले होते. बाजारातून परतलेल्या माणसांत मादुकाही होता. तो सर्वांच्या पुढे धावला. "देवाची कृपा! दा, तू इकडे कशी आलीस? मी तर तुला—"

"उदालाखाली पाहिलंस," मी म्हटलं. "मादुका, बाजार-रस्त्याकडे पाठ करून उभा राहा. घराकडे तोंड कर. आता उदाला ज्या हाताला असेल तो हात वर कर."

तो वळला. डावा हात अर्ध्यावर उचलला, आणि तिथेच राहिला.

भावकीतली म्हातारी माणसं एकेक करून आपापल्या जागी मनात वळत होती, आणि चेहरे बदलत होते. मी बुजवलेले दोन खड्डे दाखवले. सुकलेली ओगिरिसी दाखवली. एझेअनीने बांबूच्या मोळीची आठवण करून दिली, आणि यावेळी ओक्पाला त्याला म्हणाले, "बोल. सगळं बोल."

हद्दीचं झाड हलवणं म्हणजे धरणीचा अपराध. आमच्याकडे माणूस त्याचं नाव मोठ्याने घेत नाही.

मादुका चिखलात बसला. "दरीने माझं अर्धं रान खाल्लं. बापाचं थडगं खाल्लं. तो पट्टा तर ती यंदा लावणारही नव्हती. बारा पावलं फक्त. मोजणीदारापुढे तिच्या पावलांवर कोण विश्वास ठेवणार होतं? तिला इजा करायची नव्हती मला. सकाळी आलो तर काठी कडेला पडलेली. मला वाटलं, गेली."

"मी हाक मारली होती, मादुका," दा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझी पावलं ओळखते मी. तू ऐकलंस, थांबलास, आणि वळलास. डाव्या हाताला वळलास."

७

न्क्वोच्या दिवशी मोजणीदार आले. मादुकाचं काय करायचं ते ओक्पालांनी ठरवलं होतं. धरणीची शांत करायची, ओगिरिसी जिथे होती तिथे त्याच्याच हाताने रोवायची, आणि तो जगेल तोवर त्याचा शब्द साक्षीत धरायचा नाही. त्याचं गेलेलं रान भावकीने दुसरीकडे भरून द्यावं, असं म्हणाली ती दाच. "दरीवरचा राग माणसाने माणसावर काढला. आता तरी थांबवा."

पायाला पट्ट्या बांधून दा खुर्चीत बसली होती. मोजणीदाराने वही उघडली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"माझा घसा बसलाय," दा म्हणाली. "आमची बायको सांगेल."

कुरकुर झाली. भावकीच्या जमिनीवर बाहेरून आलेली सून बोलणार? जॉसची? एझेअनी उठला, आणि चक्क शुद्धीत होता. "हिच्या तोंडाने एक जीव वर आला. तुमच्यापैकी कुणाच्या आला?"

मी झिमुझोला पाठीवर घट्ट बांधलं, आणि सूर्य उगवतो त्या बाजूला तोंड करून सुरुवात केली. ओढ्याच्या डोक्यापासून. जुन्या इरोको वृक्षापासून, जो आता नाही पण त्याची जागा आहे. कुणाच्या घराची पाठ, कुणाच्या रानाचं तोंड, कुठल्या हाताला काय. दोनदा अडखळले. दोन्ही वेळा दाने खुर्चीतून फक्त एक बोट हलवलं. पाऊण तासाने मी थांबले तेव्हा वहीची सात पानं भरली होती.

ओक्पाला उठून वहीजवळ आले. मग म्हणाले, "हिचं माहेर जॉस असेल. हिची वाट इथली आहे."

न्नेंनी पदराने नाक पुसलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "सूनच आहे माझी. सुरुवातीपासून हुशार होती. मीच म्हणत होते." त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. पण मी ते वाक्य जपून ठेवलंय.

आता शनिवारी आम्ही एनुगू शहरात राहायला जातोय. नवऱ्याची नोकरी तिथे आहे, झिमुझोच्या छातीचा डॉक्टरही तिथे. दा यायला तयार नाही; तिचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे. अफाम महिन्यातून दोनदा येईल. एझेअनी वरून लक्ष ठेवीन म्हणतो, पण तो किती वर असेल ते त्या दिवसाच्या ताडीवर. मला झोप लागत नाही.

म्हणून तुम्ही हे वाचत असाल आणि कधी आमच्या उमुअग्बा गावावरून जाणार असाल, तर एवढं करा. बाजार-रस्त्याने वर या. उदाला तुमच्या डाव्या हाताला येईल. तिला मागे टाकून पुढे या, निळ्या दाराच्या घरापर्यंत. घराच्या तोंडाशी उभे राहा आणि 'दा' म्हणून हाक मारा. ती कसलीही तक्रार करेल, आमटीची, पावसाची, अफामची, ती ऐका. पण काहीतरी हललंय असं म्हणाली, तर हसू नका, आधी मोजून बघा.

आणि उत्तर आलं नाही, तर येईपर्यंत तिथून हलू नका.